महापुरातील थेट प्रक्षेपण

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर आले आणि कोल्हापूरकडे जाणारी वाहतूक थांबली, तेव्हा आमची ओबी व्हॅन (घटनास्थळावरून थेट प्रक्षेपण करणारी गाडी) पाण्याच्या अलीकडे, खोळंबलेल्या ट्रक-टँकरांच्या रांगेशेजारी उभी होती. व्हॅनची तांत्रिक बाजू माझ्याकडे होती. एरवी वार्ताहर पाठीवरच्या बॅकपॅकमधून, अनेक सिमकार्डे एकत्र वापरून, चित्र पाठवतात. परंतु तेथे मोबाइलचे जाळे कोलमडल्यासारखे झाले होते. उरला होता तो व्हॅनच्या टपावरील डिशमधून सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहाकडे जाणारा मार्ग.

दक्षिणेचे आकाश मोकळे असलेली जागा पाहून गाडी जॅकवर स्थिर केली आणि स्पेक्ट्रम ॲनालायझरवर, म्हणजे संकेतांच्या लहरी दाखवणाऱ्या यंत्रावर, उपग्रह शोधला. मात्र उपग्रह सापडला म्हणून लगेच पूर्ण शक्तीने प्रक्षेपण करता येत नाही. त्याच उपग्रहावर इतरांचेही संकेत चालू असतात. म्हणून आधी नियंत्रण केंद्राची परवानगी घेऊन, कमी शक्तीवर नुसती वाहक लहर (चित्र-आवाज न चढवलेली कोरी लहर) पाठवून, तिचे ध्रुवीकरण, म्हणजे लहरीच्या कंपनाची दिशा, तपासून घ्यावे लागते. महापुरातही या शिस्तीला सूट नसते आणि ती नसावी, असेच माझे मत आहे. एक सहकारी रस्त्याच्या उंच भागावर जाऊन, फोन लागेल तेव्हा केंद्राचे निरोप आणत होता.

पाऊस वाढला तसा केंद्राकडे पोहोचणारा संकेत क्षीण होऊ लागला. केयू बँडमध्ये, म्हणजे आम्ही वापरत असलेल्या उपग्रह-लहरींच्या पट्ट्यात, वर जाणारी लहर सुमारे १४ गिगाहर्ट्झची, म्हणजे जेमतेम दोन सेंटिमीटर लांबीची असते. मुसळधार पावसाचे थेंब तिची ऊर्जा शोषतात आणि विखुरतात. ॲम्प्लिफायरची शक्ती मर्यादेपर्यंत वाढवूनही भागेना, तेव्हा केंद्राशी ठरवून मॉड्युलेशन, म्हणजे लहरीवर माहिती चढवण्याची पद्धत, ८पीएसकेवरून क्षीण संकेतातही तग धरणाऱ्या क्यूपीएसकेवर आणले आणि डेटाचा दर उतरवला. चित्र थोडे मऊ झाले, पण तुटायचे थांबले. पुराच्या बातमीत सुबक चित्रापेक्षा अखंड आवाज मला अधिक मोलाचा वाटतो, कारण रस्ता कोठे बंद आहे हे लोकांना ऐकूनही कळते.

अडचण उरली ती परतीच्या आवाजाची. अँकरचे प्रश्न वार्ताहराच्या कानात सहसा फोनवरून येतात आणि फोन तर टिकत नव्हता. आम्ही व्हॅनमधील रिसीव्हरवर आमचीच वाहिनी लावली आणि तिचा आवाज वार्ताहराच्या कानात सोडला. उपग्रहाकडे जाऊन परत येण्यास लहरीला पाव सेकंद पुरतो. चित्र-आवाजाचा संकेत बनवणारा एन्कोडर, तो उलगडणारा डीकोडर आणि स्टुडिओतून पुन्हा होणारे प्रक्षेपण धरले की हा विलंब काही सेकंदांचा होतो. वार्ताहर बोलू लागला की त्याचाच आवाज मागाहून त्याच्या कानावर आदळणार होता. म्हणून त्याने तोंड उघडताच मी त्या आवाजाचा फेडर (आवाज कमी-जास्त करणारी सरकपट्टी) खाली ओढत होतो आणि त्याचे वाक्य संपताच पुन्हा वर नेत होतो. स्टुडिओलाही प्रश्न एकेकच विचारून थांबण्यास सांगितले होते.

याच पद्धतीने वार्ताहराने पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्यावरची धोक्याची पातळी ४३ फूट असून पाणी तिच्या बरेच वर असल्याचे सांगितले आणि पुण्याहून निघालेल्या वाहनचालकांनी अलीकडेच थांबावे, हे प्रशासनाचे आवाहन दोनदा वाचून दाखवले. त्यानंतर प्रत्येक थेट बातमीची वेळ आम्ही स्टुडिओशी आधीच ठरवून ठेवली, म्हणजे फोन लागला नाही तरी घड्याळ पाहून दोन्ही बाजू तयार असत.