हायस्कूलचं लक्ष्य हुकलं? आधी आकडा उकलून बघा

अमेरिकेत एखादं हायस्कूल सरकारी लक्ष्य गाठण्यात कमी पडलं, की लगेच जादा तासांचं वेळापत्रक लागतं. त्याआधी एक दिवस काढून नेमका कुठला आकडा हुकला ते शोधावं, कारण प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे.

डिसेंबर 2015 मध्ये मंजूर झालेल्या 'एव्हरी स्टुडंट सक्सीड्स ॲक्ट'नुसार एक तृतीयांश किंवा त्याहून जास्त मुलं डिप्लोमाविना (हायस्कूल पूर्ण केल्याच्या प्रमाणपत्राविना) राहिली, तर शाळा सर्वंकष सुधारणेच्या यादीत जाते. डिप्लोमा मिळण्याचा दर नववी ते बारावी अशा चार वर्षांच्या गटावर काढतात: नववीत आलेली मुलं, त्यांत नंतर दाखल झालेली मिळवायची आणि रीतसर बदली होऊन गेलेली वजा करायची. घोळ होतो तो या वजाबाकीत. समजा, गटात 240 मुलं आहेत आणि 156 जणांना डिप्लोमा मिळाला. दर 65 टक्के, म्हणजे दोन तृतीयांशाच्या खाली. उरलेल्यांपैकी 12 जण खरं तर दुसऱ्या शाळेत शिकताहेत, पण लेखी पुरावा नाही म्हणून तुमच्याच गटात मोजले गेले. पुरावा मिळाला तर 228 पैकी 156, म्हणजे 68.4 टक्के. पालकांनी फोनवर सांगितलेलं चालत नाही. नव्या शाळेनं रेकॉर्ड मागवल्याचा कागद हवा. मूल गेल्याच्या आठवड्यातच रजिस्ट्रारनं तो मिळवावा, नाहीतर चौथ्या वर्षी जुने फोन नंबर लागत नाहीत. जीईडीकडे (डिप्लोमाऐवजी द्यायच्या समकक्ष परीक्षेकडे) वळलेलं मूल मात्र गटातून वजाही होत नाही आणि उत्तीर्णांतही धरलं जात नाही.

राज्याच्या परीक्षेची हजेरीही तपासा. 200 पैकी 180 मुलं बसली आणि 120 प्रवीण ठरली (अपेक्षित पातळीला पोचली), तर भागाकार 180 नं होत नाही; कमी मुलं बसली तरी निदान 95 टक्के मुलं धरायची असा नियम असल्यानं तो 190 नं होतो.

अर्थात कागद नीट केल्यानं एकही मूल शिकत नाही. डिप्लोमाच्या उदाहरणात 72 जण उरतातच, आणि त्यांची वाट बहुतेकदा नववीत चुकलेली असते. शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांची कसोटी साधी आहे: नववीअखेर वर्षभराच्या विषयांचे किमान पाच क्रेडिट (विषय उत्तीर्ण झाल्यावर मिळणारे गुणांक), आणि मुख्य विषयांत एकापेक्षा जास्त सत्रांत नापास नाही. ही कसोटी पार करणाऱ्यांची चार वर्षांत डिप्लोमा मिळवण्याची शक्यता इतरांच्या साडेतीनपट आढळली. म्हणून नववीच्या शिक्षकांनी दर दोन आठवड्यांनी एकत्र बसून दोनच गोष्टी बघाव्यात: कोणाची हजेरी 90 टक्क्यांखाली आली (180 दिवसांच्या वर्षात 18 दिवस बुडले की मूल त्या काठावर येतं) आणि कोण कुठल्या विषयात गळतंय. यादीतल्या प्रत्येक नावापुढे एका शिक्षकाचं नाव आणि पुढच्या बैठकीआधी करायचं एक काम लिहिलेलं हवं. ते नसलं की यादी सुंदर छापली जाते आणि मूल तिसऱ्या बैठकीतही तिथेच असतं.

उत्तीर्णतेच्या रेषेजवळच्या मुलांनाच घासून घेण्याचा मोह तर टाळाच. त्यानं यंदाचा आकडा हलतो, पण सगळ्यात मागे पडलेली मुलं आणखी मागे राहतात, आणि चार वर्षांनी डिप्लोमाच्या दरात तीच दिसतात.