घड, फणी आणि बाईंचा तास

स्मरणिकेसाठी चार शब्द लिहा, असा शाळेतून फोन आला तेव्हा मी पॅकहाउसमध्ये उभा होतो. आखातात जाणाऱ्या केळीचे खोके भरणे चालू होते आणि माझ्या हातातल्या कागदावर 'हँड्स', 'क्लस्टर्स', 'फिंगर्स' असे रकाने होते. यातले दोन शब्द मला आपल्या शाळेत, सातवीच्या वर्गात मिळाले. म्हणून त्या तासाबद्दलच लिहितो.

महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आले ते २००० साली. आमच्या वेळी ते पाचवीत सुरू व्हायचे. एबीसीडी गिरवून होते न होते तोच अनेकवचनांचा तक्ता समोर आला. बुक-बुक्स सोपे होते. माउस-माइस, फूट-फीट घोकून बसले. 'शीप'वर मात्र मी अडलो. मेंढी एक असो की शंभर, शब्द तोच कसा? सहामाहीच्या पेपरात मी 'शीप्स' लिहिले.

पेपर देताना बाईंनी विचारले, "तुमच्याकडे बैल किती रे?"

"दोन बैल, बाई."

"आणि एकच असता तर?"

"एक बैल."

मी तिथेच थांबलो. बैल, लाडू, दगड, हत्ती! अनेकवचनात न बदलणारे शब्द मी जन्मापासून बोलत होतो, फक्त कधी लक्ष गेले नव्हते. (गंमत अशी की इंग्रजीत बैलाचे रूप बदलते, ऑक्सचे ऑक्सन होते.)

त्यानंतर बाईंनी तक्ता बाजूला ठेवला आणि आमच्या चुका फळ्यावर मांडल्या. 'माय हेअर्स आर ब्लॅक' हे निम्म्या वर्गाने लिहिले होते. बाई म्हणाल्या, "ही चूक तुमच्या मराठीने केली आहे. आपण केस विंचरले म्हणतो, तांदूळ निवडले म्हणतो, पोहे भिजवले म्हणतो. आपल्याला ते अनेक दिसतात. इंग्रजीला केसांचा सगळा भार एकच दिसतो, म्हणून हेअर इज." मग उलट बाजू. कात्री, विजार, चष्मा आपल्याला एकेक. इंग्रजीला कात्रीची दोन पाती दिसतात, विजारीचे दोन पाय, चष्म्याची दोन भिंगे. म्हणून सिझर्स आर, ट्राउझर्स आर. पोलीस मात्र दोन्हीकडे 'आले'च.

समूहवाचक नामांच्या तासाला फळ्यावर 'बंच' एवढा एकच शब्द होता आणि त्याच्यासमोर किल्ल्यांचा जुडगा, कोथिंबिरीची जुडी, फुलांचा गुच्छ, केळीचा घड. इंग्रजीकडे शब्द कमी आहेत, असे कोणी तरी म्हणाले. बाईंनी लगेच हर्ड, फ्लॉक आणि पॅक लिहिले. गुरे, मेंढ्या, लांडगे, सगळ्यांना आपण बहुधा कळपच म्हणतो.

मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारले, "घडातल्या एका ओळीला तुमच्या मळ्यात काय म्हणतात?"

"फणी."

"उद्या एक घेऊन ये. इंग्रजी शब्द मी शोधून आणते."

दुसऱ्या दिवशी मी बारा-चौदा केळ्यांची हिरवी फणी पिशवीतून नेली. देठाच्या कापातून चीक गळत होता, बाईंच्या पांढऱ्या साडीला डाग पडेल म्हणून मी ती लांब धरली होती. त्यांनी ती सरळ हातात घेतली, टेबलावर उभी धरली आणि शेजारी आपला पंजा, बोटे जुळवून, वर केला. "याला ते हँड म्हणतात. एकेक केळं म्हणजे फिंगर." आपल्या लोकांना त्यात केसांची फणी दिसली, त्यांना हात दिसला. चीक लागलेला तो पंजा मला आजही जसाच्या तसा दिसतो.

'टीम इज' की 'टीम आर' हेही त्यांनी असेच सोडवले. आपला कबड्डीचा संघ जिंकला तेव्हा तो एक होता, म्हणून हॅज. जिंकल्यावर मुली आपापले डबे उघडून बसल्या तेव्हा ब्रिटिश माणूस आर म्हणू शकतो, अमेरिकन बहुतेक इजच म्हणेल. दोघेही चुकत नाहीत, हे बाईंनी ठासून सांगितले होते.

बाई आता नाहीत. परवा पॅकहाउसमध्ये नव्याने लागलेल्या एका मुलीने कागदावरचे 'हँड्स' चूक समजून खोडले आणि तिथे 'बंचेस' लिहिले. मी तिला म्हटले, "ताई, त्या टाकीतली एक फणी घेऊन या जरा."