उसाच्या रसाचा एक पेला

पन्हाळा तालुक्यातल्या एका वाडीवरचे आण्णा, वय ७१. चार वर्षं आठवड्यातून तीनदा कोल्हापूरला डायलिसिस, दर खेपेला चार तास. अलीकडं दुसऱ्या तासालाच बीपी ८० पर्यंत खाली उतरायचं, मशीन अर्ध्यात थांबवावं लागायचं. पायाची दोन बोटं गँगरीननं काळी पडलेली. पूर्ण शुद्धीत त्यांनी सांगितलं, "आता बास." तो त्यांचा हक्कच होता. तरी डिस्चार्जच्या कागदावर 'सल्ल्याविरुद्ध घरी नेले' एवढीच ओळ. पुढं काय होईल, रात्री कुणाला फोन करायचा, एक अक्षर नाही. डायलिसिस थांबलं की आपलं काम संपलं असं मानणाऱ्यांचा मला राग येतो. खरं काम तिथून पुढं असतं.

मी घरी जाऊन रुग्ण बघणारी सिस्टर. मी पोचले तो डायलिसिस थांबल्याचा तिसरा दिवस. आण्णांचे हात झटके देत होते, कपातला चहा अंथरुणावर सांडलेला. मुलाला वाटलं, कळा सोसवेनात म्हणून तडफडतायत; त्यानं रात्री मॉर्फिनच्या दोन गोळ्या जादा दिल्या. घोटाळा झाला तो तिथंच. मॉर्फिन यकृतात मोडतं, पण मोडून जे तयार होतं ते बाहेर टाकायला किडनी लागते. ते साठलं की झटके, गुंगी, आणि श्वास मंदावतो. आण्णांचा मिनिटाला ९ होता. चार-चार तासांनी ५ मिलिग्रॅम हा डोस कागदावर लहान दिसतो, डायलिसिस बंद केलेल्या माणसाला तो लहान नसतो. जोडीला नसांच्या दुखण्यावरचं गॅबापेंटिन, ३०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा! तेही किडनीवाटेच जातं. डॉक्टरांना फोन लावून दोन्ही बंद केली. झटके उतरायला दीड दिवस गेला. मग दुखण्यासाठी फेंटानिल या दुसऱ्या औषधाची १२ मायक्रोग्रॅमची पट्टी छातीवर चिकटवली. छातीवरचे केस वस्तऱ्यानं काढायचे नाहीत, कात्रीनं कापायचे. पट्टी तळव्यानं अर्धा मिनिट दाबून धरायची. ७२ तासांनी जागा बदलायची. पट्टीवर शेक द्यायचा नाही, हे घरात तिघांना वेगवेगळं सांगितलं, कारण उष्णतेनं औषध एकदम आत जातं. मळमळीला रात्री हॅलोपेरिडॉल अर्धा मिलिग्रॅम.

पाचव्या दिवशी आण्णा चांगले जागे होते. म्हणाले, "सिस्टर, आता तरी माप सोडा की वं." चार वर्षं दिवसाला अर्ध्या लिटरची बाटली, त्यातच चहा आणि औषधाचं पाणी. गुऱ्हाळं चालू होती. त्यांना रस पाहिजे होता. रसात पोटॅशियम असतं, ते हृदयाला घातक; पण या टप्प्यावर त्याची भीती मी धरत नाही. धास्ती पाण्याची. लघवी जवळपास बंद, प्यालेलं बाहेर पडायला वाट नाही. तरी मी 'एक पेला द्या' म्हणाले. सुनेनं आलं-लिंबू घालून दिला. घोट तोंडात घोळवत अर्धा तास लावला त्यांनी, आणि शेवटी पेला उपडा करून जिभेवर थेंब घेतला.

सहाव्या रात्री धाप लागली. डोकं उंच केलं, टेबलफॅन तोंडासमोर आणला. फिस्टुलाचा, म्हणजे डायलिसिससाठी शीर जोडलेला हात सोडून गळपट्टीच्या हाडाखाली कातडीत बटरफ्लाय सुई बसवून मिडाझोलाम हे जीव शांत करणारं औषध, अडीच मिलिग्रॅम. लघवीच नसल्यावर लघवी वाढवणारं लासिक्स काय करणार? पण मिडाझोलामनं वीस मिनिटांत कपाळावरच्या आठ्या सुटल्या. आठव्या दिवशी पहाटे आण्णा गेले, शांतपणे.

दिवस झाल्यावर सुनेनं मला बाजूला घेऊन विचारलं, "सिस्टर, त्या पेल्यानं झालं काय?" मी नाही म्हणाले. २०० मिलीनं फुफ्फुसं भरत नाहीत. रक्तात आम्ल साठल्यावर श्वास तसाही खोल आणि जोराचा होतो, आणि आण्णांचा तसाच होता. पण स्टेथोस्कोप लावल्यावर पाठीत खाली फुफ्फुसांत पाणी साठल्याचे बुडबुडेही ऐकू आले होते. ते तिला सांगितलं नाही.

पुढं कुणी मागितला तर पेला मी देणारच. मात्र फॅन आणि सुई आधी तयार ठेवीन, आणि तो पेला सुनेला द्यायला सांगणार नाही, माझ्या हातानं देईन.