गळ्याचं माप

सोमवार, रात्री

हनुवटीखालची चरबी काढून घ्यायची का, हे आता लिहूनच काढते. मनात ठेवलं की तेच ते फिरत राहतं आणि हातातलं काम बिघडतं.

दुकानात मोठा आरसा आहे, गिऱ्हाइकाला ब्लाऊज घालून बघायला लावलेला. दिवसभर मी बायांच्या गळ्याला टेप लावते. पान गळा, मटका गळा, बोट नेक, हल्लीच्या पोरींना कॉलरचे ब्लाऊज. माप घेताना नजर आरशात जातेच, आणि समोरच्या बाईच्या खांद्यावरून माझा चेहरा दिसतो. मान सरळ असली तरी हनुवटी कुठं संपली आणि गळा कुठं सुरू झाला ते कळत नाही. स्वतःसाठी बंद गळ्याचा ब्लाऊज शिवणं मी कधीच सोडून दिलं. बचत गटाचा फोटो काढायचा असला की मी मागच्या रांगेत जाते आणि पदर हनुवटीपर्यंत ओढून घेते.

मी लठ्ठ नाही. हात बारीक, कंबर बेताची, वजनही ठीक. ही आईकडची देणगी आहे. आईच्या लग्नातल्या फोटोत ती अगदी काडी दिसते, पण हनुवटीखाली तीच घडी. मावशीलाही तशीच.

पण लोकांना ते कुठं माहीत असतं! "सुख मानवलं वं बाई तुले," हे वाक्य मी किती तोंडांतून ऐकलं असेल. २०१७ च्या हिवाळ्यात ते फार लागलं. त्या वर्षी कपाशीवर गुलाबी बोंडअळी आली होती. बोंड फोडलं की आत अळी, सरकी पोखरलेली, हाताला येईल ती सगळी कवडी, किडका कापूस. फरदड, म्हणजे वेचणी झाल्यावरही झाडं ठेवून पुन्हा कापूस, घ्यायचा तर प्रश्नच नव्हता, ह्यांनी उभ्या पऱ्हाटीत रोटाव्हेटर फिरवला. त्याच आठवड्यात एका बारशात शेजारच्या गावच्या आजीनं माझी हनुवटी हातात धरली आणि मायेनं तेच म्हटलं. तिचा काही दोष नाही. पण मी पाळण्याजवळून उठले ती सरळ घरी आले.

बुधवार

आज नागपूरला जाऊन आलो. कळंबवरून गाडी धरली. देवळी, वर्धा, बुटीबोरी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी वेचणी चालू होती, बायांच्या कमरेच्या ओट्या फुगलेल्या. हंगामात ह्यांचा एक दिवस मोडला याचं वाईट वाटत होतं, पण हेच म्हणाले की एकटी नको जाऊस.

धंतोलीत दवाखान्यांना तोटा नाही. पाटीवर एम.सीएच. प्लास्टिक सर्जरी, म्हणजे त्या ऑपरेशनांची वरची पदवी, लिहिलंय का, ते मी आधी बघून घेतलं. नुसतं 'कॉस्मेटिक' लिहिलेल्या पाट्या पुष्कळ असतात, त्यावरून माणूस काय शिकलाय ते समजत नाही.

डॉक्टरबाईंनी आधी मशीन, इंजेक्शन, पैसे यातलं काहीच काढलं नाही. हनुवटीखालची कातडी चिमटीत धरली आणि म्हणाल्या, दात घट्ट आवळा, मान ताणा. गळ्यावर कातडीखाली एक पातळ पसरट स्नायू असतो, प्लॅटिस्मा. मान ताणल्यावरही चिमटीत जी चरबी राहते ती स्नायूच्या वरची, आणि नळीनं ओढून काढता येते ती हीच. स्नायूच्या खालची नळीनं निघत नाही. माझी बरीचशी वरची आहे म्हणाल्या. मग मला बाजूनं उभं केलं आणि हनुवटीचं हाड पाहिलं. हाड आखूड असलं तर चरबी काढूनही म्हणावा तसा फरक दिसत नाही. माझं थोडं आखूडच आहे. हे त्यांनी लपवलं नाही, म्हणून त्यांच्यावर भरवसा बसला.

नंतर घोटभर पाणी प्यायला लावलं आणि गिळताना गळ्यावर बोटं ठेवली. थायरॉइडची गाठ किंवा सूज असेल तर गिळताना ती वरखाली होते. हाताला काही लागलं नाही, तरी टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, करून आणा म्हणाल्या. बीपी, रक्त पातळ करायच्या गोळ्या, सुपारी-तंबाखूचा खर्रा, नुसती तंबाखू, सगळं विचारलं. तंबाखूनं जखम लवकर भरत नाही. यवतमाळकडच्या माणसाला खर्ऱ्याचं विचारावंच लागतं, बाई असली तरी.

कातडीचं त्या बोलल्या ते मला कोणी न समजावताही समजलं असतं. त्यांनी गळ्याची कातडी ओढून सोडली आणि ती किती पटकन जागेवर जाते ते पाहिलं. ब्लाऊजचं अस्तर काढलं की वरचं कापड झोल देतं, तसंच हे आहे. आतली चरबी गेली की कातडीनं स्वतः आवळून बसायला हवं. तरण्या कातडीला ते जमतं. सैल पडलेली कातडी लोंबते, मग कातडी कापून ताणायचं वेगळं मोठं ऑपरेशन लागतं. माझी अजून आवळेल म्हणाल्या, पण आणखी काही वर्षांनी हेच सांगता येणार नाही.

ऑपरेशन तेवढी जागा बधिर करून होतं. हनुवटीखाली आणि कानांच्या पाळ्यांमागे तीन-चार मिलिमीटरच्या चिरा, त्यातून बारीक नळी. तासाभराचं काम, त्याच दिवशी घरी. मग हनुवटीवरून डोक्यापर्यंत आवळपट्टा, पहिला आठवडा जवळजवळ दिवसरात्र, पुढं काही आठवडे रात्रीचा. सूज आणि काळंनिळं साधारण दोन आठवडे. खरा आकार दिसायला तीन ते सहा महिने. धोकेही सांगितले: रक्त साकळणं, जंतुसंसर्ग, कातडीवर खड्डे पडणं, जागा बधिर राहणं. आणि खालच्या ओठाला हलवणारी एक नस जबड्याच्या कडेनं जाते, ती दुखावली तर हसताना ओठ वाकडा होतो. बहुतेक वेळा काही आठवड्यांत, महिन्यांत भरून येतं. बहुतेक वेळा. हा शब्द मी बसमध्ये सारखा घोळवत होते.

ह्यांनी बुटीबोरीपर्यंत काही बोलणं केलं नाही. मग म्हणाले, "मले तं तू हाये तशीच चांगली दिसतं." माणूस मनापासून बोलला, डोळ्यांत दिसत होतं. पण आरशात बघायचं ते मला आहे. तेही मी सांगितलं. त्यावर म्हणाले, "तुह्या मनात असन तं कर. कापसाच्या पैशाले हात नको लावू." ते तर मी आधीच ठरवलेलं होतं.

शुक्रवार

रात्री दुकान आवरून मोबाइलवर वाचत बसले. सुईनं चरबी विरघळवायचं औषधही निघालंय, डीऑक्सिकोलिक ॲसिड. अमेरिकेत २०१५ साली त्याला हनुवटीखालच्या चरबीसाठी मान्यता मिळाली. चिरा नाहीत, पण एका वेळी पुष्कळ टोचण्या, प्रत्येक वेळी सूज, आणि महिन्या-महिन्याच्या अंतरानं परत परत जायचं. नागपुरात राहणाऱ्या बाईला जमेल. मला दर महिन्याला गाडी, दिवस आणि दुकान बंद, हे परवडणार नाही.

आणखी एक वाचलं ते बरं वाटलं. पूर्वी हे ऑपरेशन पूर्ण भूल देऊन करत आणि रक्तही फार जाई. क्लाइन नावाच्या अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञानं मिठाच्या पाण्यात भुलेचं औषध आणि ॲड्रेनलिन अगदी पातळ करून चरबीत भरायची पद्धत १९८७ साली लिहून मांडली. ॲड्रेनलिननं रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून रक्त कमी जातं. पूर्ण भुलेचीच मला सगळ्यात जास्त भीती होती.

पैशाचं गणित मांडलं. हे विम्यात बसत नाही, सरकारी योजनेतही नाही, आणि बसूही नये, तिथं खरी दुखणी आहेत. साधारण दोन लग्नसराईंची शिलाई जाईल. पोराची फी वेगळी ठेवून, कोणाकडून उसनं न घेता जमतं. काढलेल्या चरबीच्या पेशी परत येत नाहीत, पण वजन वाढू दिलं तर राहिलेल्या फुगतात. म्हणजे तेवढ्यावर काम संपत नाही.

रविवार

सासूबाईंना सांगितलं. त्यांनी हातातली लसणाची पाकळी खाली ठेवली. "माय वं! बऱ्या-भल्या गयाले चाकू लावतं?" मग बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, "करतच असशीन तं कोनी इचारल्यावर सांगजो, गाठ होती म्हून काढली."

त्यांना माझी काळजी आहे, गावात नावं ठेवतील म्हणून. पण हे मी करणार नाही. आमच्याकडे गळ्यातली गाठ म्हटली की माणसाच्या मनात कॅन्सरच येतो. खर्ऱ्यापायी तोंडाच्या कॅन्सरनं गेलेली माणसं गावोगाव आहेत. माझ्याच गिऱ्हाइकांपैकी एकीचा नवरा गेला. शेवटी त्याचं तोंड उघडत नव्हतं, ती नळीनं पेज घालायची. ती मला भेटायला येईल, माझा हात धरून रडेल, आणि मी तिच्यासमोर खोटी गाठ सांगत बसू? तिच्या दुःखाचं नाव मी उसनं घेणार नाही. मला माझा गळा आवडत नाही, माझ्या कमाईतून तो मी नीट करून घेतेय, एवढंच सांगायचंय. हे सांगायला गाठीपेक्षा जास्त धीर लागतो हेही मला माहीत आहे.

करायचं तर पौषात. लग्नं नसतात, मशीनला थोडी उसंत असते, आणि थंडीत कानाला रुमाल बांधलेला असतोच. उन्हाळ्यात पंचेचाळीस डिग्रीत तो आवळपट्टा कोण सोसणार? अडचण एकच, संक्रांतीचं हळदीकुंकू. रथसप्तमीपर्यंत घरोघरी बोलावणी असतात. सूज असेल, पट्टाही असेल. मी जाणार आहे. वाण घेईन, तिळगूळ घेईन, आणि विचारलं तर जे आहे ते सांगेन. सासूबाईंनाही तसंच सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत, लसूण सोलत राहिल्या.

उद्या कळंबला जाऊन टीएसएचचं रक्त देऊन यायचं. रिपोर्ट बिघडला तर आधी तो सुधारायचा, बाकीचं थांबलं तरी चालेल. चांगला आला तर डॉक्टरबाईंना फोन करून दोन गोष्टी विचारायच्या: खालच्या ओठाची नस त्यांच्या हातून कधी दुखावली गेली होती का आणि ती बाई पुढं कशी आहे, आणि माझं काम दिवसभर मान खाली घालून मशीनवर वाकायचं आहे, तर पट्टा बांधून किती दिवसांनी बसू शकते. तोवर पौषातल्या तारखेचा एकही ब्लाऊज घ्यायचा नाही. परवा एकीला हो म्हटलंय, तिला सकाळीच निरोप देते.