काळी काच, तिकोनी काच

रविवार, १८ जानेवारी २०२६, रात्री साडेदहा

निघालो होतो गड्ड्याला, आमच्या सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेला. होम मैदानाच्या आसपास गाडी लावायला बोटभर जागा नाही, हे दोन फेऱ्या मारल्यावर कळलं. तेव्हा दाजी म्हणाले, "चल, गर्दी जरा ओसरू दे, तोवर टाटाची नवी सिएरा गाडी बघून येऊ." दाजींच्या डोक्यात ती महिनाभर घोळतेय. मग आई, ताई, दाजी, भाचा आणि मी, असे पाचजण माझ्या फियाट पुंतोत कोंबलेले तसेच होटगी रोडला एका शोरूमसमोर उतरलो. अडीच तास गेले. भाच्याचा आकाशपाळणा हुकला. तो मामाशी बोलत नाहीये.

मला मात्र बोलायचंय, आणि घरात सगळे झोपलेत.

जुनी सिएरा १९९१ ची. मी तेव्हा चौथीत. रेल्वे लाईन्समध्ये एका डॉक्टरांकडे एक होती आणि शाळेतून येताना आम्ही वाट वाकडी करून ती बघायला जायचो. बाजूला दोनच दारं, तिसरं मागे. मागच्या सीटशेजारची काच सरळ वर चढायची आणि चढता चढता छपरातच वळायची. काचेला नाक लावलं की आतली मागची सीट दिसायची, उन्हात न्हालेली. डॉक्टरांचा कंपाउंडर ओरडायचा, कारण काचेवर आमच्या नाकांचे ठसे राहायचे.

त्या वयात ती शोभेची काच वाटायची. आज विचार केला तर तिथे दुसरं काही चाललंच नसतं. मागे बसणाऱ्याला दार नाही. पुढची सीट वाकवून आत शिरायचं, आणि एकदा बसलं की उघडणारी खिडकीही नाही. त्याचा पार कोंडवाडा व्हायचा, तो त्या काचेने वाचवला. उजेड वरून आत यायचा.

नव्या सिएराला पाच दारं. मागच्या माणसाला स्वतःचं दार आहे, खाली उतरणारी स्वतःची काच आहे. मग ती जुनी वळलेली काच आता कशाला? पण लोकांना सिएरा म्हटलं की तीच आठवते, तेव्हा खांब आणि छपराची कड काळी चकचकीत करून टाकलीय. लांबून तीच काच. जवळ जाऊन मी बोट टेकवलं. ठसा उमटला, आणि सेल्समनने लगेच फडक्याने पुसला. म्हणजे कंपाउंडर अजून आहेच.

गाडी आवडली का? आवडली. हे आधीच लिहून ठेवतो, नाहीतर मी कशालाच चांगलं म्हणत नाही असं ताई म्हणतेच. उभी, ऐसपैस, अंगावर उगाच सुरकुत्या नाहीत. आजकाल गाडीच्या दाराला पत्र्याच्या इतक्या घड्या असतात की इस्त्री राहिलीय असं वाटतं. हिचं दार सपाट, शांत. पण त्या काळ्या भागापाशी नजर अडकते ती अडकतेच.

ही माझ्या धंद्याची खोड. बावीस वर्षं जकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, चादरीची डिझाइनं काढतोय. आधी ग्राफच्या कागदावर एकेक चौकोन भरायचो, त्यावरून मागासाठी भोकांची पंचकार्डं ठोकली जायची. आता सगळं कॉम्प्युटरवर. चादरीत रंग वरून फासता येत नाही. दिसतो तो धागाच असतो आणि तो ठरावीक अंतरावर बांधावा लागतो. फूल मोठं आणि झळझळीत हवं म्हणून धागा लांबवर मोकळा सोडला, तर दुकानात घडी उलगडताना गिऱ्हाईक खूश होतं. घरी गेल्यावर आठवड्याभरात तो पोराच्या पायाच्या नखात अडकतो, ओढला जातो आणि फुलाची दाढी लोंबायला लागते. ज्या पद्मशाली मास्तरांच्या हाताखाली मी शिकलो, ते असा मोकळा धागा दिसला की आधी तेलुगूत शिव्या द्यायचे, मग मराठीत समजवायचे. त्यामुळे गाडीवर एखादी रेघ दिसली की मी पहिल्यांदा ती कुठे बांधलीय ते बघतो.

बाबा अक्कलकोट रोडच्या एका कारखानदाराकडे ड्रायव्हर होते. गाडी प्रीमियर पद्मिनी, क्रीम रंगाची. सोलापूरकराला त्या गाडीचा जरा जास्तच उमाळा, कारण १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढणारे वालचंद हिराचंद आपल्याच गावचे, १८८२ साली इथेच जन्मलेले. गाडी मूळ इटलीची, फियाट ११००, बनायची कुर्ल्याला. पद्मिनी हे नाव १९७४ पासूनचं. मालक गाडीत नसले की बाबा मला पुढे बसवायचे.

तिच्या पुढच्या दारात मोठ्या काचेच्या अलीकडे एक छोटी तिकोनी काच होती. खटका सोडवून ढकलली की ती जागच्या जागी फिरायची आणि बाहेरचा वारा वळून आत यायचा. बाबा रस्त्यावरची नजर न काढता एका बोटाने ती अशी लावायचे की वारा बरोबर शर्टाच्या वरच्या बटणाशी लागावा. तोंडावर नाही, तोंडावर आला की डोळ्यात धूळ. सालभर उन्हात राहून तिच्या कडेचं रबर चिरलेलं होतं, त्याचा काळा डाग बाबांच्या बोटाला कायम असायचा. गाडीने जरा वेग घेतला की ती काच बारीक शिट्टी घालायची. मे महिन्यात पारा ४३-४४ वर असताना कारखान्यापासून सात रस्त्यापर्यंत हाच आमचा एसी.

आता आरशाच्या मागे बऱ्याच गाड्यांना असाच तिकोनी तुकडा असतो. काहींना काच असते, पण फिरत नाही. काहींना तर नुसतं काळं प्लॅस्टिक. आकार राहिला, वारा गेला.

गाड्यांच्या तोंडाबद्दल तर बोलूच नये. सगळ्या रागावलेल्या. पद्मिनीकडे बघितलं की ती जेवून उठल्यासारखी समाधानी दिसायची. नव्यांच्या जाळ्या एवढ्या मोठ्या की नाकापेक्षा मोती जड. हेडलाईट कुठे आहे ते शोधावं लागतं. वरती भुवईसारखी दिसते ती दिवसा जळायची पट्टी. खरा दिवा खाली, बंपरच्या उंचीला. टाटाची हॅरियर आणि ह्युंदाईची व्हेन्यू दोन्ही २०१९ च्या, तेव्हापासून हे सगळीकडे झालं. दिसतं झकास. पण बंपर असतो धक्का खायला, आणि त्याच्या शेजारी गाडीतली सगळ्यात नाजूक वस्तू नेऊन बसवायची, हे काही मला पटत नाही. मागच्या वर्षी नवी पेठेत एका मित्राच्या गाडीला मोपेड हलकेच टेकली. पत्र्याला ओरखडाही नाही, दिवा मात्र तडकला. एलईडीचा बंद डबा, नुसता बल्ब बदलायची सोय नाही. अख्खा दिवाच नवा, खर्च पाच आकडी. मित्र म्हणाला, "काय बे, एवढ्यात जुनी स्कूटर येती की."

आणि पाठीला ती या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल पट्टी. एका गाडीने मळवट भरला तर शोभून दिसतो. आता आळीतल्या सगळ्यांनीच भरलाय. पुण्याहून रात्री येताना टेंभुर्णीच्या पुढे भाचा आणि मी नुसत्या मागच्या दिव्यांवरून गाड्या ओळखायची पैज लावायचो. आता पैज लागत नाही. पट्टी दिसते, एवढंच. आणि तिच्या पुढे उसाची दोन दोन ट्रॉल्यांची गाडी असते, जिला मागे एकही दिवा नसतो. रस्त्यावरचा सगळा लाल रंग असा एकाच बाजूला वाटला गेलाय.

दाराच्या हँडलचा विषय आज आईने काढला. तोंडाने नाही, हाताने. सिएराची हँडलं पत्र्यात बसवलेली, बाहेर काही दिसत नाही. आई दारावर हात फिरवत उभी राहिली, अंधारात भिंतीवर दिव्याचं बटण चाचपतात तशी. सेल्समन हवेच्या विरोधाबद्दल सांगायला लागला. त्याचं म्हणणं खोटं नाही. पत्रा जेवढा सलग तेवढा वारा कमी अडतो, बॅटरीवरच्या गाडीला तर त्याचा आणखी उपयोग. पण सात रस्ता ते आसरा चौक विसाच्या वेगाने जाताना कितीसा वारा वाचणार? आईच्या गुडघ्यांना दार धरून वर चढायचं असतं. तिला हातात भरेल असं काहीतरी हवं.

मारुतीने हा धडा गिरवलाय. २०१८ च्या स्विफ्टमध्ये मागच्या दाराचं हँडल वर खांबात लपवलं होतं, गाडी दोन दाराची वाटावी म्हणून. शेजाऱ्यांकडे तीच आहे. भाचा उड्या मारून उघडायचा, आई तर सरळ पुढचं दार उघडून बसायची. २०२४ च्या स्विफ्टला हँडल परत दारावर आलं. गाजावाजा काही झाला नाही, पण माझ्या मते त्या गाडीतली सगळ्यात चांगली सुधारणा तीच.

सिएराच्या आत समोर तीन स्क्रीन. दाजी खूश, भाचाही तेवढ्यापुरता खूश. मला बटणं हवीत. एसी कमी करायला रस्त्यावरची नजर काढावी लागली तर बाबांच्या त्या एका बोटाचं काय झालं? युरोपात गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या युरो एनकॅपने यावर्षीपासून इंडिकेटर, वायपर, हॉर्न, धोक्याचे दिवे यांना खरी बटणं नसतील तर गुण कापायचं ठरवलंय, हे मी दाजींना सांगितलं. ते म्हणाले, "तू टॉवेल-चादरीवाला माणूस, तुला युरोपचं काय?"

टॉवेलवरून आठवलं. गाड्यांमधला तो काळा चकचकीत प्लॅस्टिकचा भाग, पियानो ब्लॅक म्हणतात तो, ज्याने कुणी सुचवला त्याने सोलापूरची धूळ बघितली नसणार. आपल्याकडचा चांगला लुसलुशीत टेरी टॉवेल घ्या, हळूच पुसा, तरी टॉवेलातली धूळच त्यावर रेघा काढते. दोन महिन्यांत तिथे मांजर खेळल्यासारखं दिसतं.

छपरावर हे एवढं मोठं काचेचं झाकण. सोलापुरात! मी म्हटलं, मे महिन्यात काय करणार? दाजी म्हणाले, पडदा ओढता येतो की. मग मी पुढे बोललो नाही.

मला नवं काहीच आवडत नाही असं नाही. महिंद्राची बॅटरीवरची बीई ६ लोकांना अघोरी वाटते. मला ती आवडते. बॅटरीच्या गाडीला पुढून फारशी हवा लागत नाही, तर कित्येक जण सवयीने खोटी जाळी चिकटवतात. हिने ती भानगडच ठेवली नाही. मात्र मागच्या दाराचं हँडल हिनेही लपवलंय, म्हणजे आईसाठी बाद. आणि मारुतीची जिम्नी. तिच्या छपराच्या कडेला बारीक पन्हळ आहे, पावसात दार उघडलं की पाणी मांडीवर गळू नये म्हणून. बोनेट सपाट, बसल्या जागेवरून गाडीचे दोन्ही कोपरे दिसतात. एक रेघ फुकट नाही. आणि रस्त्यावर बघाल तर जिम्नी क्वचितच दिसते. लोकांना माझी आवड मान्य नाही, एवढाच याचा अर्थ.

चार मीटरच्या गाड्यांना मात्र मी नावं ठेवत नाही. चार मीटरच्या आत लांबी आणि इंजिन लहान असेल तर कर कमी, हे २००६ पासून चाललंय. गेल्या सप्टेंबरात जीएसटी बदलला, लहान गाड्यांना १८ टक्के आणि मोठ्यांना ४० टक्के अशी फारकत झाली, तरी चार मीटरची अट तशीच. २०१२ च्या डिझायरची डिकी कात्रीने कापल्यासारखी दिसायची ती याच पायी. आम्हालाही चादरीचा पन्हा, म्हणजे रुंदी, ठरवून मिळतो, मोराची शेपटी त्यातच बसवायची. शेपटी तुटकी दिसली तर दोष मोर काढणाऱ्याचा आहे, पण सगळा नाही. २०२४ च्या डिझायरमध्ये तेवढ्याच लांबीत बरीच नीट बसलीय.

शेवटी दाजींनी पैसे भरले. डिस्प्लेला पिवळी होती, फार देखणी. दाजींनी पांढरी सांगितली. धूळ दिसत नाही, ऊन कमी धरते, उद्या विकायला बरी. तिन्ही कारणं बरोबर.

परत येताना आई पुढे बसली होती. बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "त्या काळ्या काचेतून वारा येतो का रे?"

"काच नाही ती, आई. नुसतं काळं केलंय."

"मग तुझ्या बाबांच्या गाडीची बरी होती," म्हणाली आणि पुंतोची काच खाली केली.

आता कॉम्प्युटर उघडून बसलोय. मालकांना उद्या सकाळी नवा मोर दाखवायचाय. त्यांनी बजावलंय, चादर आता लोक मोबाईलवर बघून मागवतात, फोटोत उठून दिसली पाहिजे. पिसारा भरून आलाय चांगला, निळा एकदम झळकतोय. शेपटीतले धागे अजून मोकळेच सोडलेत. बांधले तर तो निळा तुटतो.