खोटी धार

सुरीला खोटी धार लावून द्याल का, असं कुणी गिऱ्हाईक स्वतःहून विचारेल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. खोटी धार बाजारात पाहिजे तेवढी मिळते, पण ती न मागता मिळते.

मी कन्ना चौकाच्या मागच्या बोळात राहतो. आधी युनिफॉर्मच्या कारखान्यात कटिंग मास्तर होतो, आता घरातच धार लावतो. सोलापुरात शिलाईचं काम अमाप, त्यामुळं येणारा बहुतेक माल कात्र्यांचा. स्वयंपाकघरातल्या सुऱ्या अलीकडे यायला लागल्या. मोबाईलवर कुणीतरी टोमॅटोचे पारदर्शक काप काढताना बघायचे, महागडी जपानी सुरी मागवायची आणि ती ग्रॅनाइटच्या ओट्यावर, स्टीलच्या ताटात, नाहीतर काचेच्या बोर्डावर चालवायची. काचेवर सुरी चालवणाऱ्याला मी तोंडावर रागावतो, मग तो डॉक्टर असो की माझा मेव्हणा. काच फार कठीण असते, पात्याखाली जराही दबत नाही. सुरी महाग असो की स्वस्त, धार जाणारच.

खोटी धार म्हणजे काय ते आधी सांगतो. दगडावर एका बाजूनं पातं घासत गेलं की कड झिजून इतकी पातळ होते की शेवटी दुसऱ्या बाजूला मुडपते. त्या मुडपलेल्या कडेला आम्ही बर म्हणतो. डोळ्याला ती सहसा दिसत नाही. बोटाचं पेर पाठीकडून धारेकडं हलकं सरकवलं की शेवटी किंचित अडकतं, ती बर. बर आली म्हणजे दगड थेट कडेपर्यंत पोचला. मुठीपासून टोकापर्यंत ती सलग लागली पाहिजे, तोवर पातं उलटायचं नाही. यूट्यूबवाले दहा वेळा इकडून, दहा वेळा तिकडून असं मोजून शिकवतात. दगडाला आकडे कळत नाहीत.

खरं काम बर काढायचं. चाकावर ठिणग्या उडवून अर्ध्या मिनिटात सुरी परत देणारा बर तशीच ठेवतो. अंगठा लावला की ती कचकन टोचते, गिऱ्हाईक खूश. घरी चार कांदे कापले की बर आडवी पडते आणि सुरी आधीपेक्षा बोथट. त्यात चाकाच्या उष्णतेनं कडेचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलं असेल, निळसर झाक आली असेल, तर तेवढं पोलाद घासून काढल्याशिवाय तिथं धार टिकतच नाही. अशी बिघडवलेली पाती मी इतकी सरळ केली आहेत की चाकवाल्याची आरोळी ऐकली तरी दात आवळतात.

माझ्याकडे तीन दगड. नंबर कणांचा, जितका मोठा तितका दगड बारीक. चारशेचा खरबरीत, मोडलेल्या आणि फार बोथट पात्यांसाठी. हजाराचा, खरं काम त्याच्यावर. तीन हजाराचा शेवटच्या हाताला. पहिले दोन पाण्यात बुडवायचे, बुडबुडे थांबेपर्यंत. आमच्या नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून दगडाचं पाणी वेगळ्या बादलीत राहतं, गाळ बसला की वरचं पुन्हा वापरायचं. घासताना दगडावर जो राखाडी चिखल साचतो तो धुवायचा नाही, तोही पोलाद कापतो. आणि ओला दगड उन्हात वाळत घालायचा नाही. सोलापूरच्या उन्हात तर नाहीच, तडा जातो. दगड मध्ये खोलगट झाला की त्यावर पेन्सिलीच्या चौकटी आखायच्या, जाड काचेवर पॉलिश पेपर पसरून त्यावर दगड घासायचा, रेघा पुसल्या गेल्या की सपाट झाला. हे लोक करत नाहीत आणि मग धार येत नाही म्हणून दगडाला शिव्या देतात.

तर मे महिन्यातल्या दुपारी एक बाई आल्या. टॉवेलमध्ये गुंडाळलेली सुरी पुढं ठेवली आणि म्हणाल्या, "दादा, हिला धार लावल्यागत करून द्या. हाताला लागली पाहिजे, पण कापायला नको."

सुरी बघून मी त्यांचं बोलणं क्षणभर विसरलो. ट्रकच्या कमानीच्या पाट्यातून लोहारानं घडवलेली, काळपट, मुठीजवळ चांगली जाड, बाभळीची मूठ तेलकट होऊन गुळगुळीत झालेली. वर्षानुवर्षं कांदा कापून पात्यावर निळाकाळा रंग चढलेला. पाणी असं दिलेलं की कानशीनं कड चाचपली तर कानस घसरली. अशी सुरी हातात आली की त्या दिवशीची मजुरी नाही मिळाली तरी चालतं.

ती त्यांच्या वडिलांची होती. वडील लग्नाकार्यातले आचारी. आता कंपवात, डावा हात जास्त हलतो. तरी रोज सकाळी घरातले कांदे तेच चिरणार. डाव्या तर्जनीला टाके पडून गेलेले, त्यात रक्त पातळ होण्याची गोळी चालू. सुरी लपवली तर जेवले नाहीत. बोथट दिली तर अंगठा लावून बघतात आणि घर डोक्यावर घेतात.

मी माझं ठरलेलं वाक्य टाकलं. बोथट सुरीच जास्त कापते, कारण जोर लावावा लागतो आणि ती सालीवरून घसरते. बाई म्हणाल्या, "ते दोन हात धड असलेल्या माणसाचं झालं, दादा."

यावर मला उत्तर सुचलं नाही. आजही नाही.

त्यांना जे पाहिजे होतं ते मला येत होतं, हाच घोळ. हजाराच्या दगडावर एका बाजूनं बर उठवायची आणि तशीच सोडायची. अंगठ्याला झणझणीत, दोन कांद्यांत गारद. ज्या कामासाठी मी चाकवाल्यांना जन्मभर नावं ठेवली ते काम कुणी काकुळतीला येऊन मागत होतं. मी म्हटलं, त्यांना घेऊन या, हात बघितल्याशिवाय मी काही करणार नाही. डॉक्टरसारखं बोललो, पण त्या तयार झाल्या.

संध्याकाळी दोघं रिक्षानं आले. काका पायरीवर टेकले. डावा हात मांडीवर, अंगठा आणि तर्जनी जपमाळ ओढल्यासारखी सारखी चालू. दगड दिसला तसे म्हणाले, "आम्ही काळ्या दगडावर लावायचो ओ मास्तर. हे काय साबणागत?" मी हजाराचा दगड त्यांच्यापुढं सरकवला. पातं दोन इंच रुंद असेल तर पाठ दगडापासून पाऊण इंचाला थोडी कमी उचलायची, म्हणजे वीस अंशाच्या आसपास कोन बसतो, हे मी सांगायच्या आत त्यांनी तेवढीच उचलली होती.

उजव्या हातात मूठ, डाव्याची तीन बोटं पात्यावर दाबलेली. सुरी चालू झाली आणि डाव्या हाताची थरथर जवळजवळ थांबली. मी बघतच राहिलो. हात उचलून मांडीवर ठेवला की माळ पुन्हा सुरू. नंतर वाचलं तेव्हा कळलं, कंपवातात हे नेहमीचं आहे: हात निवांत असला की कापतो, कामाला लागला की कापणं कमी होतं. सगळ्यांचं असंच नसतं, आणि हालचाल मंदावते ती वेगळीच.

मग मी घरातला चिरायचा पाट आणि कांदा आणला. काका सावकाश, पण एकसारखे काप पाडत गेले. उजवा हात ठीक. डाव्या हातानं कांदा आवळून धरलाय तोवर तोही ठीक. कांदा संपत आला, चिमटीत बुडखा उरला आणि काका कुठल्याशा लग्नातल्या पंगतीची गोष्ट सांगायला थांबले. कांदा धरलेली बोटं सैल झाली आणि हलायला लागली, सुरी अजून वरच. मला वाटतं टाके असेच पडले असणार. म्हटलं, "काका, चिरताना बोलू नका, एवढं पाळलं तरी पुष्कळ."

"हे? गप्प?" बाई म्हणाल्या.

धार मी लावत होतो तेव्हा काका मुलीला समजावत होते. मध्येच त्यांनी माझ्या हातातलं पातं घेतलं, अंगठा आडवा फिरवला आणि म्हणाले, "अजून बर हाय बघ हिकडं. चाकावरचे लोक अशीच देतात, भोळ्या बायकांना कळत नाही." बाईंनी माझ्याकडं बघितलं. मी पाण्याच्या बादलीत बघितलं.

म्हणजे खोटी धार चाललीच नसती. पण चालली असती तर मी लावून दिली असती का, हे तेव्हा ठरवायची वेळ आली नाही.

मी खरी धार लावली. तीन हजारावर दाब कमी करत करत बाजू बदलत राहिलो आणि शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर ओढून बर साफ केली. टोक तेवढं विचारून गोल केलं. काका म्हणाले, "करा की, टोकानं काय करायचंय? चिरणारा मुठीजवळनं चिरतो." मी एक तोडगाही सुचवला. लाकडी पाटाला खालून स्टीलचे दोन-तीन खिळे मारायचे, कांदा त्यावर खोचायचा, मग डावा हात लांब ठेवता येतो. अधू हातांसाठी असे पाट करतात. काका हसले. "कांद्याला सुळावर देताय काय?" बाईंनी सुताराचा नंबर घेतला. जाताना म्हणाल्या, "तुमचं बरोबरच असेल, पण रात्री दवाखान्यात मी बसते."

ओळखीच्यांना हे सांगितलं तर दोनच उत्तरं मिळतात. म्हाताऱ्यानं आता गप पडून राहावं, किंवा माणसाचं काम काढून घेऊ नये. दोन्ही उत्तरं देणाऱ्यांच्या घरी कांदा दुसरंच कुणीतरी चिरतं.

मागच्या आठवड्यात बाईंचा मुलगा सुरी घेऊन आला. स्वयंपाकघरात धार गेली की ती जागोजागी जाते: कुठं जास्त, कुठं कमी, एखादा खवला उडालेला. दिव्याखाली कड धरली की बोथट जागा तेवढी चमकते. या पात्यावर मुठीपासून टोकापर्यंत एकसारखी पांढरी रेघ चमकत होती, टोकालासुद्धा, जिथं काका चिरतच नाहीत. कडेला लागून आडवे बारीक ओरखडे. ही सुरी कुणीतरी धार खाली करून पायरीवर ओढली होती.

मुलगा म्हणाला, "आई म्हणाली घाई नाही, सावकाश द्या. आणि आजोबा म्हणाले उद्याच पाहिजे."

पाटाचं विचारलं तर त्याला माहीत नव्हतं. सुताराला फोन केला, त्याच्याकडे कुणी आलेलं नाही. मी स्वतःच पाट सांगून ठेवलाय, पैसे माझे. सुरी अजून फळीवर आहे. काकांचा दोनदा फोन येऊन गेला, दोन्ही वेळा दगड भिजवायला पाणी नाही म्हणून सांगितलं. आज नळ आलाय.