पाठीतला तडा आणि नऊ प्रवेश

बंगळूरहून राणी चन्नम्मा सकाळी बेळगावला पोचली तेव्हा मला वरच्या बर्थवरून उतरता येईना. पाय खाली सोडला की कमरेच्या डाव्या बाजूला, बोट ठेवून दाखवता येईल अशा एकाच जागी कळ उठायची. समोरच्या बर्थवरच्या काकांनी हात दिला, रॅकेटची बॅगही त्यांनीच फलाटावर ठेवली. मार्च महिना होता आणि माझा तो सलग पाचवा स्पर्धेचा आठवडा होता.

पाच आठवडे न थांबता का खेळलो, हे आधी सांगतो. आम्ही ज्या पातळीवर खेळतो, म्हणजे आयटीएफच्या (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या) एम-१५ आणि एम-२५ या व्यावसायिक टेनिसच्या सगळ्यात खालच्या पायरीवरच्या स्पर्धा, त्या भारतात बऱ्याचदा एकापाठोपाठ एक लागतात. एका गावाहून दुसऱ्या गावी रेल्वेने जाता येतं. परदेशी जायचं तर विमान, व्हिसा, हॉटेल, सगळंच आलं. त्यामुळे इथे स्पर्धांची रांग लागली की जो तो सगळ्या खेळतो. एम-१५ जिंकणाऱ्याला १५ एटीपी गुण, म्हणजे पुरुषांच्या जागतिक क्रमवारीचे गुण, आणि पात्रता फेरीनंतरच्या मुख्य ड्रॉमध्ये एक सामना जिंकला तर १ गुण. तो एक गुणही ५२ आठवड्यांनी खात्यातून जातो. पहिल्याच फेरीत हरलं तर हातात दीडशे डॉलरच्या घरात रक्कम येते, तीही कर वजा होऊन, आणि त्यातून खोली, जेवण, रॅकेटच्या तारांचं गटिंग भागवायचं. अशा हिशोबात एखादा आठवडा घरी बसणं म्हणजे खिशातलं काहीतरी रस्त्यात टाकून आल्यासारखं वाटतं. मी एकेरी हरलो की दुहेरी खेळायचो, दुहेरीही संपली की रात्रीची गाडी पकडून पुढच्या गावची पात्रता फेरी.

शिवाय नाव द्यायची मुदत. सोमवारी सुरू होणाऱ्या स्पर्धेसाठी अठरा दिवस आधीच्या गुरुवारी, आपल्याकडच्या संध्याकाळी साडेसातपर्यंत नाव द्यावं लागतं. अडीच आठवड्यांनी पाठ कशी असेल हे कुणाला ठाऊक? मी आपला दर गुरुवारी नाव देत गेलो.

खरं तर दुखणं तिसऱ्या आठवड्यातच सुरू झालं होतं. मध्ये दोन दिवस घरी आलो तेव्हा एका दवाखान्यात दाखवलं. स्नायू धरलाय म्हणाले, गोळ्या दिल्या. गोळी घेतली की सामना निघायचा, आणि सामना निघतोय म्हणजे बरं वाटतंय, अशी मी समजूत करून घेतली. तीन आठवडे गोळ्यांवर सर्व्हिस केली. त्याची किंमत पुढचे सहा महिने मोजली.

एमआरआयमध्ये कमरेच्या पाचव्या मणक्याच्या डाव्या बाजूला सूज दिसली, सीटी स्कॅनमध्ये बारीक रेघ. स्ट्रेस फ्रॅक्चर. हाडांच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं की सर्व्हिस करताना पाठ मागे वाकते आणि त्याच क्षणी वळते. मणक्याच्या मागच्या अंगाला हाडाचा एक निरुंद पूल असतो, त्यावर दर वेळी ताण येतो. वेगवान गोलंदाजांनाही हेच होतं, बुमराहच्या पाठीचं आठवा, म्हणाले. तीन महिने रॅकेट बंद.

घरी आल्यावर आईला हे सगळं सांगता सांगता माझा आवाज बसला. बाबा शांतपणे ऐकत होते. त्यांचं उद्यमबागेत छोटं वर्कशॉप आहे, दोन लेथ आणि एक मिलिंग. ते उठले, गाडी काढली आणि मला दुकानात घेऊन गेले. कोपऱ्यातल्या भंगारातून त्यांनी मोडलेला शाफ्ट काढला आणि मोडलेलं तोंड माझ्यासमोर धरलं. अर्ध्याहून जास्त भाग गुळगुळीत होता, त्यावर शिंपल्यावर असतात तशा रेषा. उरलेला भाग खरखरीत. "हा गुळगुळीत भाग बघ. इथं तडा पडला आणि रोज थोडा थोडा सरकत गेला. खरखरीत आहे तो शेवटच्या दिवशी तुटला. लोकांना वाटतं शेवटच्या दिवशी मोडला." एवढंच बोलले. मी तो तुकडा बराच वेळ हातात धरून उभा होतो. इतक्या डॉक्टरांकडे फिरलो, पण माझ्या पाठीत काय झालंय ते मला त्या दिवशी कळलं.

पहिले सहा आठवडे सांगण्यासारखे नाहीत. पट्टा, चालणं, पाठीवर पडून छताकडे बघणं.

जूनमध्ये फिजिओथेरपी जोरात सुरू झाली. आमच्या मॅडम धारवाडच्या. माझ्याशी मराठीत बोलतात, पण मी घाई केली की तोंडातून कानडीच येतं, "निधान, निधान." त्यांनी पहिल्याच दिवशी मला पालथं झोपवून दोन्ही पाय आत-बाहेर वळवून पाहिले आणि सांगितलं की दुखणं कमरेत आहे, पण मूळ खुब्यात. माझा डावा खुबा आखडलेला होता. सर्व्हिसनंतर डाव्या पायावर उतरताना जे वळण खुब्याने घ्यायचं ते कमर घेत होती. म्हणून आधी खुबा सोडवणं, मग प्लँक, साइड प्लँक, बर्ड-डॉग. दिसायला सोपे व्यायाम, पण बर्ड-डॉगमध्ये पाठीवर ठेवलेली पाण्याची बाटली पडू न देता दहा वेळा हात-पाय लांबवायला मला दोन आठवडे लागले.

आज्जाला हे काही पटत नव्हतं. त्याने तरुणपणी आखाड्यात अंग घडवलं. माझी चटई बघून तो म्हणायचा, "हे काय करायलास? जोर काढ, बैठका मार." जोर काढताना पाठ मागे जाते, ते मला बंद होतं, हे मी त्याला चार वेळा सांगितलं असेल. पण जुलैत धो धो पाऊस लागला, आमची लाल मातीची कोर्ट ताडपत्रीखाली गेली, तेव्हा तोच एका संध्याकाळी म्हणाला, "आम्हीबी पावसाळ्यात लढत नव्हतो. जत्रा संपल्या की कुस्त्या बंद. मग चार महिने फक्त तालीम." मला हे कधीच माहीत नव्हतं. आज्जाच्या गोष्टींत नेहमी कुस्त्याच असायच्या, कोणाला कुठल्या डावावर पाडलं ते. न लढलेल्या महिन्यांबद्दल त्याला कोणी विचारलंच नव्हतं. त्या दिवशी मी विचारत राहिलो आणि तो रात्री जेवणापर्यंत बोलत राहिला.

बाबांनी दुकानातलं एक जाड रजिस्टर दिलं. ते त्यात प्रत्येक मशीन किती तास चाललं ते लिहितात. मी माझं लिहायला लागलो. सराव किती मिनिटं, आणि किती जड गेला त्याचा १ ते १० मधला आकडा, दोन्हींचा गुणाकार. ९० मिनिटं आणि ७, म्हणजे ६३०. ही पद्धत मॅडमनी शिकवली. आठवड्याची बेरीज करायची आणि पुढच्या आठवड्यात ती एकदम उडी मारणार नाही एवढं बघायचं. गंमत म्हणून मार्चपर्यंतच्या त्या पाच आठवड्यांचा हिशोब आठवून मांडला. पाचव्या आठवड्याची बेरीज पहिल्याच्या जवळजवळ दुप्पट होती. ती बघून घशाशी काहीतरी आलं.

सर्व्हिस ऑगस्टमध्ये सुरू झाली. आधी चेंडूशिवाय नुसती हालचाल. मग सर्व्हिस बॉक्सच्या रेषेवरून अर्ध्या जोराने वीस चेंडू, एक दिवस आड. मग तीस, मग बेसलाइनवरून. माझ्या टेनिसच्या सरांनी माझा टॉसच, म्हणजे सर्व्हिसआधी चेंडू वर फेकणंच बदललं. मी किक सर्व्हिससाठी, म्हणजे टप्पा पडून उंच उसळणाऱ्या सर्व्हिससाठी, चेंडू डोक्याच्या मागे फेकायचो, त्याने पाठीची कमान वाढते. तो टॉस त्यांनी पुढे आणला. किकची उसळी थोडी गेली. याचं मला अजून वाईट वाटतं, कारण तीच माझी हुकमी सर्व्हिस होती.

आणि याच सुमाराला खरी परीक्षा आली, पण ती कोर्टावर नव्हती.

एटीपीच्या नियमात प्रोटेक्टेड रँकिंग अशी सोय आहे. दुखापतीमुळे किमान सहा महिने खेळाडू कुठेच खेळला नाही, तर दुखापतीच्या पहिल्या तीन महिन्यांतल्या क्रमवारीची सरासरी काढून ती त्याला परतताना वापरता येते. फक्त प्रवेशासाठी, मानांकनासाठी नाही. सहा महिने ते वर्षभर बाहेर असलेल्याला ती नऊ स्पर्धांपुरती किंवा नऊ महिन्यांपुरती मिळते, जे आधी संपेल ते. अर्जही शेवटच्या स्पर्धेपासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. माझी क्रमवारी तेव्हा अकराशेच्या आसपास होती. जगाच्या दृष्टीने तो आकडा काहीच नाही. पण आमच्या स्पर्धांत मुख्य ड्रॉ की पात्रता फेरी, हे असल्याच आकड्यांवर ठरतं. सरांनी आणि मी एमआरआयचा अहवाल, डॉक्टरांचं पत्र जोडून अर्ज पाठवला.

माझे सहा महिने १४ सप्टेंबरला पूर्ण होत होते. आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पुण्यात रोख बक्षिसांची एक खुली स्पर्धा होती. दुहेरीच्या जोडीदाराचा फोन आला. "सिंगल्स खेळू नकोस, नुसतं डबल्स. कोणाला कळतंय?" पाठ दुखत नव्हती. खिशात पैसे नव्हते, बाबांकडून किती घ्यायचे याची लाज वाटत होती. पण नियमात 'कुठेच नाही' म्हणजे कुठेच नाही. शिवाय मॅडमच्या तक्त्यात पूर्ण जोराची सर्व्हिस अजून दोन आठवडे लांब होती. मी रात्रभर जागा राहिलो आणि सकाळी त्याला नाही म्हटलं. तो आठवडाभर बोलला नाही.

त्या रात्री फोनवर मी मोठ्या खेळाडूंचं वाचत होतो. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये स्पेनचा कार्लोस अल्कराझ लेव्हर कपच्या वेळी बोलला होता की स्पर्धा इतक्या झाल्यात की त्या आम्हाला मारून टाकतील. ग्रँड स्लॅमच्या खालोखालच्या नऊ मास्टर्स स्पर्धांपैकी सात आता बारा-बारा दिवस चालतात. त्यांना सक्तीच्या स्पर्धा खेळाव्या लागतात, आम्हाला पोटासाठी. दोन्हीकडे पाठ तीच, एवढं मला जाणवलं. आपल्या सुमित नागलच्या खुब्याची २०२१ मध्ये शस्त्रक्रिया झाली आणि २०२४ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये त्याने ३१ व्या मानांकित बुब्लिकला हरवलं. त्याच स्पर्धेत आपल्या कर्नाटकातला, कोडगूचा रोहन बोपण्णा ४३ व्या वर्षी दुहेरी जिंकला. गुडघ्यातली कूर्चा झिजलेली असताना अय्यंगार योगाने त्याला उभं केलं, असं तो सांगत आलाय. मी दुसऱ्या दिवशी मॅडमना विचारलं, मीपण योगा करू का? त्या म्हणाल्या, कर, पण मागे वाकायची आसनं सोडून.

परतलो ते धारवाडला. घरापासून ऐंशी किलोमीटर, बाबा स्वतः गाडी चालवत आले. प्रोटेक्टेड रँकिंगवर मुख्य ड्रॉमध्ये नाव लागलं होतं. पहिल्या फेरीत दोन सरळ सेटमध्ये हरलो. अकरा डबल फॉल्ट, म्हणजे अकरा वेळा दोन्ही सर्व्हिस चुकून गुण घालवला. पाठ ठणठणीत होती, पण टॉस वर गेला की हात थबकायचा, कळ येईल म्हणून वाट बघायचा. फिटनेस आणि फॉर्म यांत एवढं अंतर असतं हे मला माहीत नव्हतं. पुढच्या दोन स्पर्धांतही पहिल्याच फेरीत गेलो. सरावात मी तेच फटके डोळे मिटून मारायचो. सरांनी एकच केलं. सरावात त्यांनी प्रत्येक गेम ०-३० पासून, दोन गुण मागे राहून सुरू करायला लावला, म्हणजे मागे असतानाच दुसरी सर्व्हिस करायची सवय व्हावी. महिनाभर हेच. कंटाळा आला, पण हाताचं थबकणं कमी झालं.

नऊच प्रवेश आहेत हे कळल्यावर मात्र माझा कॅलेंडरकडे बघायचा डोळाच बदलला. आता कुठली स्पर्धा, कोणत्या कोर्टवर, आधीचा आठवडा कसा गेला असेल, प्रवास किती, हे सगळं सरांच्या घरी चहा घेत मांडतो. दोन आठवडे खेळायचं, तिसरा घरी. पाचव्या स्पर्धेत मुख्य ड्रॉमध्ये पहिला सामना जिंकलो, तिसऱ्या सेटच्या टायब्रेकमध्ये. मॅचपॉइंटला पहिली सर्व्हिस चुकली आणि दुसरी नवीन टॉसची किक, बॅकहँडवर, त्याने नेटमध्ये मारली. एक गुण. बाबांना फोन केला तर मागून लेथचा आवाज येत होता आणि त्यांनी तो बंद केला.

चार प्रवेश अजून हातात आहेत. परवा गुरुवारी साडेसातची मुदत होती. ती स्पर्धा तिसऱ्या, घरी बसायच्या आठवड्यातली होती, रजिस्टरमधली बेरीजही थोडी वर गेली होती. सव्वासातला फोन उघडून बसलो होतो. आज्जा शेजारी येऊन बसला, काय बघायलास म्हणाला. काही नाही म्हटलं, फोन ठेवला आणि दोघं व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत फेरी मारायला गेलो.